धर्ममानवशास्त्र, माध्यमे व व्यावसायिक प्रशिक्षण : माणिकगड–आदिलाबाद परिसर

मानवी समाजातील श्रद्धा, देवदेवता, विधी व दैवतकथा यांचा त्या त्या समाजाच्या प्रत्यक्ष जीवनाच्या संदर्भात अभ्यास करणाऱ्या मानवशास्त्राच्या शाखेस धर्ममानवशास्त्र म्हणतात. धर्मग्रंथांच्या चिकित्सेपेक्षा लोक काय करतात, काय सांगतात व कोणाच्या तोंडून ऐकतात याकडे ही शाखा अधिक लक्ष देते. साहजिकच श्रद्धा ज्या माध्यमांतून एका पिढीकडून दुसरीकडे जाते त्यांचा, म्हणजे गीत, वाद्य, नृत्य, चित्र, लेखन, ध्वनिमुद्रण व चित्रपट यांचा, विचार तिला टाळता येत नाही. एडवर्ड टायलरच्या १८७१ मधील ग्रंथापासून एमील द्यूरकेमच्या १९१२ मधील ग्रंथापर्यंत या विषयाची उभारणी बहुतांशी दुसऱ्यांनी टिपून ठेवलेल्या माहितीवर झाली. ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्हस्कीने लोकांत दीर्घकाळ राहून, त्यांच्याच भाषेत माहिती मिळविण्याचा आग्रह धरल्यावर अभ्यासाची रीत पालटली. परंतु ज्यांनी माहिती टिपली त्यांपैकी पुष्कळजण विद्यापीठातील पंडित नव्हते. ते मिशनरी, महसूल अधिकारी, शिक्षक वा वैद्य होते आणि त्यांना हे ज्ञान आपल्या कामासाठी हवे होते. महाराष्ट्रात या प्रकारच्या अभ्यासाचा सलग इतिहास ज्या प्रदेशात पाहावयास मिळतो, तो म्हणजे चंद्रपूर व गडचिरोली हे वनजिल्हे आणि त्यांना लागून असलेला आदिलाबादचा डोंगराळ मुलूख होय.

गडचांदूर हे चंद्रपूर जिल्ह्याच्या कोरपना तालुक्यातील गाव. आज ते सिमेंट कारखान्यांमुळे ओळखले जाते. त्याच्या दक्षिणेकडील डोंगरात माणिकगडचा किल्ला आहे आणि तेथून पुढे गेलेल्या डोंगररांगा आदिलाबादच्या पठारास मिळतात. वर्धा नदीच्या या तीरावरील राजुऱ्याचा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबादच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो प्रथम नांदेड जिल्ह्यास जोडला गेला आणि १९५९ मध्ये त्यावेळच्या चांदा जिल्ह्यात आला. नदीपलीकडचा चांदा इंग्रजी अंमलाखालील मध्य प्रांतात आणि अलीकडचा माणिकगड निजामाच्या राज्यात, अशी ही विभागणी शंभराहून अधिक वर्षे टिकली. गोंड व कोलाम लोकांच्या कुळांना, देवांना आणि जत्रांना मात्र ती कधी लागू पडली नाही. महाराष्ट्र–तेलंगण सीमेवरील जंगूबाईच्या गुहास्थानी पौष महिन्यात दोन्ही राज्यांतील भाविक आजही जमतात. जिवती तालुक्यातील ज्या सीमावर्ती गावांवर दोन्ही राज्ये हक्क सांगत आली, त्या गावांनाही या देवीविषयी वाद नाही.

या प्रदेशातील राजगोंडांचा धर्म प्रामुख्याने कुळाचा धर्म आहे. समाज चार, पाच, सहा व सात ‘भावांच्या’ गटांत विभागलेला असून प्रत्येक गटाची उत्पत्तिकथा वेगळी असते. कुळाचा थोर देव पेर्सा पेन हा चवरी व भाल्याचे पाते यांच्या रूपाने पूजिला जातो. त्याची पूजा कटोरा हा कुळाचा पुजारी करतो. परंतु त्या देवाची कथा कटोऱ्यास सांगता येतेच असे नाही. ती सांगण्याचा अधिकार प्रधानाचा. प्रधान हा गोंड यजमानांचा वंशपरंपरागत भाट होय. किकरी नावाच्या तंतुवाद्याच्या साथीवर तो पहांदी कुपार लिंगालची, कोंडलेल्या देवांची व त्यांचा सांभाळ करणाऱ्या जंगो रायतारची आख्याने गातो. विधीच्या ज्या टप्प्यावर जो भाग गावयाचा तो ठरलेला असतो, आणि आख्यान लांबले की रात्र सरते. मृत्यूनंतरच्या क्रियांतही त्याचे गायन लागते आणि यजमानाकडून त्याला धान्य, कपडे, गुरे असे दान मिळते. ही वृत्ती मुलगा बापाकडून वर्षानुवर्षे साथ करीत शिकतो. व्यावसायिक प्रशिक्षण हा शब्द या प्रदेशात कोणाला प्रथम लावावयाचा असेल, तर तो प्रधानालाच लावावा लागेल.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. आदिलाबाद व माणिकगड भागातील प्रधानांची घरची भाषा मराठी. ते गातात मात्र गोंडीत. तोटी या दुसऱ्या भाटजमातीची तशी स्थिती नाही, त्यांची बोली गोंडीच आहे. म्हणजे गोंडांच्या धर्माचे सर्वांत महत्त्वाचे भांडार ज्याच्या कंठात, तो मनुष्य आपल्या चुलीपाशी मराठी बोलतो. बाहेरून आलेल्या अभ्यासकास तो सहज सापडला व त्याचे बोलणे सहज समजले, याचे हे एक कारण असावे. आणि गोंडांविषयीचे बरेच लिखित ज्ञान प्रधानाच्या दृष्टीतून का आले, हेही त्यावरून कळते.

या ज्ञानाचे पहिले महत्त्वाचे लेखन नागपूरला झाले. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी स्टीव्हन हिस्लॉप (१८१७–६३) हे १८४५ पासून तेथे होते. धर्मप्रसारकास ज्यांच्यात काम करावयाचे त्यांचा धर्म ठाऊक असावा, ही त्यांची भूमिका. त्यांनी एका प्रधानाकडून लिंगोचे दीर्घ आख्यान गोंडीत उतरवून घेतले. १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना ते ओढ्यात बुडून मरण पावले आणि त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. आख्यान रोमन लिपीत, इंग्रजी अर्थासह छापले गेले. पुढे जेम्स फॉर्सिथ याने मध्य भारतातील डोंगराळ मुलखावरील आपल्या १८७१ च्या पुस्तकात त्याचा संक्षेप लाँगफेलोच्या ‘हायवाथा’ काव्याच्या छंदात केला. एका प्रधानाने एका प्रसंगी सांगितलेला पाठ अशा रीतीने ‘गोंडांचे महाकाव्य’ ठरला व इंग्रजी वाचकांच्या बैठकीत जाऊन बसला. प्रधानागणिक व गटागणिक आख्यान बदलते, किकरीवाचून ते गायिले जात नाही आणि विधीवाचून त्याला प्रयोजन नाही, या गोष्टी छापील पानावर उतरण्याजोग्या नव्हत्या. हिस्लॉपची आस्था खरी होती यात शंका नाही, तथापि माध्यम बदलताना काय गळते याचे हे पहिले उदाहरण होय.

यानंतरची नोंद प्रशासकांची आहे. चांदा जिल्ह्याचा जमाबंदी अहवाल लुसी स्मिथ याने १८६९ मध्ये सिद्ध केला. चांद्याच्या गोंड राजवंशाविषयी पुढील लेखकांनी त्याचाच आधार घेतला. रसेल व रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातिजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये निघाला. त्यात श्रद्धा व विधी यांना भरपूर जागा मिळाली. पण जमात हे कोष्टक आणि धर्म हा त्यातील एक रकाना अशीच मांडणी राहिली. बस्तर संस्थानाचा कारभार पाहिलेल्या डब्ल्यू. व्ही. ग्रिग्सन याचा माडिया गोंडांवरील १९३८ चा ग्रंथ या चौकटीबाहेर पडला. जमिनीचा, जंगलाचा व देवाचा प्रश्न आदिवासी गावात एकच असतो, हे त्याने फिरतीवर असताना ओळखले होते. मध्य प्रांत व वऱ्हाडातील आदिवासींच्या स्थितीवरील १९४४ चा अहवालही त्याचाच. मध्यंतरी तो हैदराबाद संस्थानाच्या महसूल खात्याचा प्रमुख झाला, आणि याचा परिणाम माणिकगडपलीकडच्या डोंगरांवर झाला.

त्या डोंगरांत १९४० मध्ये जे घडले ते या विषयाच्या केंद्रस्थानी आहे. राखीव जंगलाच्या नावाखाली गोंड व कोलाम यांच्या वाड्या उठविल्या जात होत्या. पट्टा कोणाचा, हे कागदावर ठरत होते आणि कागद वाचणारा गावात कोणी नव्हता. कुमरा भीमू (कोमुराम भीम) या गोंडाने जोडेघाट येथे आपल्या लोकांना जमवून प्रतिकार आरंभला. संस्थानाच्या पोलिसांनी केलेल्या गोळीबारात तो व त्याचे काही सोबती मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारला या लोकांचा अभ्यास व्हावा असे वाटू लागले. म्हणजे मानवशास्त्रास येथे निमंत्रण मिळाले ते ज्ञानासाठी नव्हे, प्रशासनाच्या अपयशानंतर मिळाले. भीमूची कथा प्रथम गोंडांच्या गीतांत, पुढे तेलुगू कादंबरीत व नाटकांत आणि २०२२ मध्ये ‘आरआरआर’ या चित्रपटात गेली. चित्रपटातील कथानक कल्पित असून जोडेघाटच्या घटनेशी त्याचा संबंध नावापुरता आहे. तरीही देशातील बहुतेकांना भीमू ठाऊक झाला तो त्याच्यामुळेच.

क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ (१९०९–९५) हे व्हिएन्नाचे मानवशास्त्रज्ञ. लंडनला मॅलिनोव्हस्कीच्या परिसंवादांत बसलेले आणि नागा प्रदेशात क्षेत्रकार्य केलेले. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते भारतात होते आणि जर्मन पारपत्रामुळे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांच्या हालचालींस हैदराबाद संस्थानाची हद्द आखून देण्यात आली. या सक्तीचे त्यांनी सोने केले. १९४१ पासून ते पत्नी बेटी (एलिझाबेथ) यांच्यासह आदिलाबादच्या मार्लवाई गावी एका साध्या झोपडीत राहिले, गोंडी शिकले, पेर्सा पेनच्या पूजा व दिवाळीतील दंडारी नृत्ये पाहिली, छायाचित्रे घेतली आणि प्रधानांकडून आख्याने उतरवून घेतली. एकाच आख्यानाचे अनेक पाठ तपासणे व आख्यान कोणत्या विधीत गायिले जाते ते त्याशेजारी मांडणे, ही त्यांची पद्धत. हिस्लॉपच्या पाठात जे राहून गेले होते ते यामुळे पुष्कळसे भरून निघाले. राजगोंडांच्या दैवतकथा व विधी यांवरील त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याहून महत्त्वाचे कार्य मात्र ग्रंथाबाहेर घडले. हैदराबाद संस्थानातील आदिवासींसंबंधीचे त्यांचे चार अहवाल १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते सरकारचे आदिवासीविषयक सल्लागार झाले. ग्रिग्सनच्या पाठिंब्याने १९४३ मध्येच मार्लवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र उघडले होते. शिक्षक आणावयाचे कोठून, हा पहिला प्रश्न. ज्या थोड्या गोंडांना अक्षरओळख होती ती मराठीची होती. त्यामुळे गोंडी वाचनपुस्तकांसाठी देवनागरी लिपी निवडण्यात आली. यात तत्त्वचर्चा फारशी नव्हती. वाचता येणारे जे वाचू शकत होते तेच छापले गेले. पुस्तकांत गोंडांच्याच कथा होत्या. प्रशिक्षणार्थ्यांना वाचन-लेखन व हिशेब यांबरोबर जमीनमहसुलाचे आणि जंगलाचे नियमही शिकविले जात, कारण गावात परतल्यावर शिक्षक हाच कागद वाचून दाखविणारा पहिला माणूस ठरणार होता. यांतून तयार झालेले काही तरुण पुढे पटवारी व वनरक्षक झाले. केसलापूरच्या नागोबा जत्रेत गाऱ्हाणी ऐकण्यासाठी अधिकाऱ्यांनी दरबार भरविण्याची प्रथाही याच दशकातील. देवाच्या जत्रेस लोक येणारच, मग कचेरीने जत्रेत यावे, हा त्यामागील विचार साधा होता आणि तो टिकला.

अधिकाऱ्यांच्या बाजूने या परंपरेतील मराठी माणूस म्हणजे सेतुमाधवराव पगडी (१९१०–९४). मराठ्यांच्या इतिहासाचे संशोधक म्हणून ते सर्वपरिचित आहेत. हैदराबादच्या मुलकी सेवेत असताना आदिलाबाद जिल्ह्यात त्यांनी गोंडी आत्मसात केली, तिचे व्याकरण लिहिले व तेथील गोंडांविषयी इंग्रजीत पुस्तक लिहिले, ही बाजू त्या मानाने उपेक्षित राहिली. दुभाष्यावाचून गाऱ्हाणे ऐकणारा अधिकारी त्या काळी दुर्मिळ होता, आणि फारसी कागदपत्रांइतक्याच गांभीर्याने गोंडी आख्यान वाचणारा इतिहासकार तर आजही दुर्मिळच म्हणावा लागेल.

१९५६ च्या पुनर्रचनेने या प्रयोगाचे दोन तुकडे झाले. मार्लवाईसह आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेले आणि तेथील शाळांत तेलुगू आली. मराठीच्या आधाराने शिकलेले गोंड शिक्षक अडचणीत आले, देवनागरीतील गोंडी पुस्तके मागे पडली. राजुरा–गडचांदूरच्या बाजूस मराठी शाळा होत्या, पण त्यांच्यामागे मार्लवाईसारखी गोंडी वाचनाची पायरी कधी आलीच नाही. हायमेनडॉर्फ १९७० नंतर पुन्हा तेथे आले, तेव्हा त्यांना गोंडांच्या पुष्कळ जमिनी बाहेरून आलेल्यांच्या हाती गेलेल्या दिसल्या. त्यांचे १९७९ व १९८२ चे ग्रंथ या खेदाने भरलेले आहेत. बेटी १९८७ मध्ये निवर्तल्या व त्यांचे दफन मार्लवाईस झाले. त्याच गावचे कनक राजू यांनी दंडारीतील मोरपिसांचे मुकुट घातलेल्या गुस्साडी नर्तकांची कला तरुणांना शिकविली. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

मध्य प्रांताच्या बाजूस या काळात व्हेरिअर एल्विन व त्यांचे मराठी सहकारी शामराव हिवाळे यांचे कार्य चालू होते. हिवाळ्यांचे नर्मदाखोऱ्यातील प्रधानांवरील पुस्तक १९४६ मध्ये निघाले. भाटास माहितीचा स्रोत न मानता अभ्यासाचा विषय मानणारे ते पहिले पुस्तक म्हणता येईल. एल्विनच्या १९४७ च्या ग्रंथाने मुरिया गोंडांचे घोटुल जगास माहीत करून दिले. ग्रंथ गंभीर असला, तरी नियतकालिकांनी व पुढे कॅमेऱ्यांनी त्यातून जे उचलले ते कुतूहल चाळविणारे होते. घोटुल हे लिंगोने स्थापिलेले, धार्मिक अधिष्ठान असलेले स्थान आहे ही गोष्ट मागे पडली आणि तरुण-तरुणींचे शयनगृह एवढीच ओळख उरली. छायाचित्र व चित्रपट ही माध्यमे खोटे सांगतात असे नाही. परंतु प्रधानाच्या आख्यानाप्रमाणे केव्हा, कोठे व कोणापुढे सांगावयाचे याचे बंधन त्यांच्यावर नसते.

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रात या विषयाचे शासकीय केंद्र म्हणजे पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था (१९६२). तिच्या नावातच संशोधन व प्रशिक्षण यांची सांगड आहे. परंतु वनजिल्ह्यांत व्यवसायासाठी धर्ममानवशास्त्राचा सर्वांत परिणामकारक उपयोग केला तो वैद्यांनी. अभय व राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. आदिवासी रुग्णालयात का येत नाहीत, याचा शोध घेताना मोठ्या इमारतीची भीती, नातलगांची ताटातूट व देवाचे नसणे ही कारणे पुढे आली. म्हणून शोधग्रामातील रुग्णालय गावातील घरांसारखे बांधले गेले, रुग्णासोबत नातलगांची सोय झाली, आवारात दंतेश्वरी देवीचे देऊळ आले आणि दवाखान्यास ‘मा दंतेश्वरी दवाखाना’ हे नाव मिळाले. देवीच्या वार्षिक जत्रेत आरोग्याच्या प्रश्नांवर आदिवासींची सभा भरते. केसलापूरच्या दरबाराशी या सभेचे साम्य उघड आहे. राणी बंग यांचे ‘गोईण’ हे झाडे व स्त्रिया यांच्या नात्यावरील पुस्तकही स्त्रियांशी झालेल्या अशाच संवादातून आले.

अलीकडच्या काळात अभ्यासकाची जागा समाजातील व्यक्तींनी घेतली आहे. व्यंकटेश आत्राम यांनी मराठीत गोंडी संस्कृतीचे संदर्भ मांडले. नागपूरचे मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांनी लिंगोच्या परंपरेस ‘कोया पुनेम’ या स्वतंत्र धर्मदर्शनाचे रूप दिले. सिंधू लिपीच्या गोंडी वाचनाचा त्यांचा दावा भाषाशास्त्रज्ञांनी स्वीकारलेला नाही. परंतु धर्मविषयक लेखनातून गोंड समाजास जी अस्मिता लाभली ती त्या दाव्यावर अवलंबून नाही. यात प्रधानाचे आख्यान पुन्हा एकदा रूप बदलते. ते आता गटागणिक वेगळे राहत नाही. सर्व गोंडांचे एकच दर्शन होते. ज्या कारणासाठी हिस्लॉपच्या पाठास दोष द्यावा लागतो तेच येथे स्वेच्छेने घडले आहे, आणि समाजाने आपल्या कथेचे एकीकरण स्वतः करणे व ते दुसऱ्याने करणे यांत फरक मानावा लागतो.

लिपीचा प्रश्नही नव्याने उभा राहिला. आदिलाबादच्या गुंजाला गावी २००६ मध्ये एका स्वतंत्र लिपीतील गोंडी हस्तलिखिते आढळली. त्यांच्या काळाविषयी मतभेद आहेत, तथापि देवनागरी निवडली गेली त्या प्रदेशातच गोंडी लिहिण्याची दुसरी रीत अस्तित्वात होती, हे त्यांनी दाखवून दिले. २०१८ मध्ये या लिपीस युनिकोड या आंतरराष्ट्रीय संगणकीय संकेतप्रणालीत स्थान मिळाले. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेल्या लिपीस ते आदल्या वर्षीच मिळाले होते. लेखन बाजूस ठेवून आवाजाकडे परतण्याचा प्रयत्नही झाला : छत्तीसगढमध्ये २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘सीजीनेट स्वर’ या उपक्रमात लोक साध्या दूरध्वनीवरून आपल्या भाषेत, गोंडीतही, बातमी वा गीत ध्वनिमुद्रित करू लागले. अक्षर न येणारा मनुष्य येथे प्रथमच स्वतःचा वार्ताहर झाला.

गडचांदूरसारख्या गावात आज कारखान्यात, बँकेत, शाळेत वा दवाखान्यात रुजू होणाऱ्या बाहेरच्या माणसास गोंडी वा कोलामीचे, किंवा डोंगरावरील कोणता दगड देव आहे याचे, शिक्षण कोणी देत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच सुरू केली. शासनमान्यतेचा प्रश्न लगेच उभा राहिला. तिला नाव दिले गेले ‘पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल’.